एक मेंढरू आपलं न्हाई

सकाळी सव्वादहाला मोनिकाने लोकरीच्या खोलीचं दार उघडलं, आत पाहिलं आणि दार परत लावून घेतलं. आपण नीट पाहिलं नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग दुसऱ्यांदा उघडलं. मेंढरांच्या पाठी लालच होत्या.

सासूबाई भिंतीला टेकून फळीसमोर बसल्या होत्या आणि उजव्या हाताचं बोट पदराला पुसत होत्या. बानूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं त्यांनी होऊ दिलं नव्हतं. कामं उरकल्यावर माणूस जसा निवांत दिसतो, तशा त्या दिसत होत्या.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"खुणा केल्या," बानूबाई म्हणाल्या. "एवढा कळप, आन् एकाच्या बी अंगावर खूण न्हाई. उद्या दुसऱ्याच्या मेंढरात मिसळली तर वळखायची कशी? हनम्याला कवाच सुचलं न्हाई असलं."

मोनिका उंबऱ्यावरच खाली बसली.

खुटबावच्या कोकऱ्यांकडे मेंढरं होती त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटचा कळप मोडला, ऊस आला, गाई आल्या, घरावर स्लॅब पडला. पूर्वी लोकर ठेवायची ती एक खोली मागच्या अंगाला तशीच राहिली. तिथे बानूबाईंचा धाकटा मुलगा, मोनिकाचा नवरा हनुमंत चित्रं काढायचा. कारखान्यातली नोकरी सांभाळून, गळीत संपलं की दिवसदिवस. पाण्याच्या रंगातली चित्रं. घरात त्याला 'पाण्याचा खेळ' म्हणत, आणि त्यातला 'खेळ' हा शब्द थोरला भाऊ भिमा जरा जोरात उच्चारायचा.

भिमाला ती खोली पेंडीच्या गोण्यांसाठी हवी होती. गोण्या पडवीत भिजत होत्या, आणि त्याची बायको अनसाबाई रोज जेवताना त्याला तेच वाढत होती. शेवटी दसऱ्याला सगळ्यांसमोर भिमाने निकाल दिला होता: "हनम्या, यंदा तुझं एक तरी चित्र पुण्याच्या भिंतीला लागलं, तर खोली तुझी. न्हाई लागलं, तर पेंडीची." हनुमंतानेही मान डोलावली होती. दोघा भावांत लेखी असं काही कधी नसे, पण दसऱ्याला दिलेला शब्द मोडायची कोकऱ्यांत पद्धत नव्हती.

आणि चित्र लागलं होतं. म्हणजे लागणार होतं. हर्षदाने, हनुमंताच्या मुलीने, मोबाईलवर फोटो काढून पुण्याच्या एका प्रदर्शनाला पाठवला होता आणि तिकडून निवड झाल्याचा निरोप आला होता. मूळ चित्र आज चार वाजेपर्यंत तिथे पोहोचवायचं होतं. खुटबाव स्टेशनवरून बारा चाळीसची गाडी. हनुमंताचे ड्रॉईंगचे सर शिरूरहून निघाले होते, दोघे मिळून जाणार होते. हनुमंत दाढी करायला गावात गेला होता. पुण्याला जायचं म्हणून त्याने सलूनमध्ये दाढी करायचं ठरवलं होतं, आणि घरात आजपर्यंत घडलेल्या सगळ्या अनर्थांचं मूळ असल्याच एखाद्या हौसेत असे, असं मोनिकाचं मत होतं.

तो आला तो गालाला पावडर लावून. चित्रापुढे उभा राहिला. मग बसला.

चित्रात त्यांचाच जुना कळप होता. उन्हाळ्यातला माळ, धूळ आणि त्या धुळीतून पलीकडे निघालेली चाळीसेक मेंढरं. मेंढरं पांढरी होती, पण पांढरा रंग त्यात कुठेच नव्हता. हे घरातल्यांना हनुमंताने शंभरदा सांगितलं होतं. पाण्याच्या रंगात पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं. आजूबाजूला रंग भरायचा आणि मेंढराच्या जागी कागद कोरा सोडायचा. कोऱ्यावर एकदा रंग चढला की ते पांढरं गेलं, परत येत नाही. ही चाळीस पांढरी हनुमंताने सतरा दिवस जीव मुठीत धरून राखली होती, आणि आईने अर्ध्या तासात प्रत्येकावर थाळीतल्या तांबड्याचं एकेक बोट उमटवलं होतं.

"आई," एवढंच तो म्हणाला.

"गेरू पातळ हाय तुझा," बानूबाई म्हणाल्या. "पावसात टिकायचा न्हाई."

सरांना कळवायला हवं, हे हर्षदाच्या लक्षात आलं. तिने अंगणात जाऊन फोन लावला. योहान सर चौफुल्याला मिसळ खात होते. शिरूरच्या मिशनच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं ड्रॉईंग शिकवलं होतं. कोकऱ्यांचा संसार मेंढरांबरोबर रानोमाळ फिरत होता तेव्हा हनुमंत तिथल्याच बोर्डिंगात होता. रविवारी उपासना सुटली की सर घोडनदीच्या काठी स्टूल टाकून बसत आणि हा पोरगा त्यांचं पाणी बदलत असे. पाणी बदलता बदलता एक दिवस त्याने ब्रश उचलला, तो अजून खाली ठेवला नव्हता.

"सर, लई घोटाळा झालाय," हर्षदा म्हणाली. "आज्जीनं पुठ्ठ्यावर लाल रंग लावला."

"पुठ्ठ्यावर?"

"व्हय. सगळ्या पुठ्ठ्यावर."

योहान सरांना बरं वाटलं. "अगं मग रडतेस काय? पुठ्ठा मागच्या बाजूला असतो, भिंतीला लागतो. त्याच्याकडे कोण बघणार आहे?"

"बघणार न्हाईत?"

"एकही माणूस बघणार नाही. वडिलांना सांग, मी मिसळ संपवून येतो."

हर्षदाने आत येऊन निरोप दिला. "सर म्हणाले, काय बिघडत न्हाई. पुठ्ठ्याकडं कुणी बघत नसतं." हनुमंताने मान वर केली. मेंढराच्या मागच्या अंगाला घरात सगळे पुठ्ठाच म्हणत. कोकऱ्यांची खूण पिढ्यान् पिढ्या पुठ्ठ्यावरच असायची. सर एवढे मोठे चित्रकार, ते म्हणतात त्यात काही तथ्य असेल, असं क्षणभर त्याला वाटलं. मग त्याने चित्राकडे पाहिलं, आणि पुठ्ठ्यांशिवाय त्याला दुसरं काही दिसेना.

तेवढ्यात भिमा गोठ्यातून आला. मागून अनसाबाई.

भिमाने चित्र पाहिलं आणि पहिल्या क्षणी त्याला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. खोली मिळाली. त्याच्या मनात गोण्या भिंतीपर्यंत रचूनही झाल्या. पण अनसाबाई मागून म्हणाली, "अगं बाई, आत्याबाईंनी पार नासवलं की गं चित्र," आणि मोनिका म्हणाली, "वाटोळं केलं." आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही जावा एका बाजूला उभ्या राहिल्या. भिमाला ते सोसलं नाही.

"वाटोळं काय केलं? म्हातारीनं काय रंगाचा डबा ओतलाय का?"

"भाऊजी, सतरा दिवसांचं काम हाय ह्यांचं."

"मग आईचं काय काम न्हाई? चाळीस मेंढरांना एकटीनं खुणा केल्या. आमच्या आबाला सबंध दिवस लागायचा, धरायला दोन गडी लागायचे."

"हितं धरायला लागत न्हाईत," मोनिका म्हणाली. "खिळलेली हायती ती. आन् आत्याबाई आत गेल्याच कशा? वरची कडी मी सोता लावली व्हती."

अनसाबाईने पदर कमरेवर ओढला. तिच्या कमरेला हर्षदाची शिवणाची टेप खोचलेली होती. मोनिकाने टेपेकडे पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं.

"मी आपलं बगत व्हते," अनसाबाई म्हणाली, "किती बसत्याल."

"काय किती बसत्याल?"

"गोण्या."

"म्हंजी चित्र अजून गाडीत चढलं न्हाई, तवर तुम्ही खोलीचं माप घेतलं? आन् दार उघडं टाकलं?"

"न्हाई, लोटून घेतलं व्हतं. आत्याबाईंनी ढकललं आसंल."

दोन जावांची एकी टिकली ती एवढीच. त्यापुढचं बोलणं गोण्यांवरून पडवीवर, पडवीवरून गेल्या दिवाळीतल्या चकलीच्या भाजणीवर गेलं, आणि त्यात कुणीही चित्राकडे बघत नव्हतं. फक्त भिमा बघत होता. तो आधी उभ्याने बघत होता, मग वाकला, मग चक्क गुडघ्यावर बसला.

"हनम्या," तो हळूच म्हणाला, "ही आपली बोडकी का रं?"

हनुमंताने मान डोलावली.

"तशीच चालायची. मुंडी खाली घालून, कायतरी हरावल्यागत. आन् ही काळतोंडी. ही तर माझ्या अंगावर मुतली व्हती यवतच्या बाजारात." भिमाने बोट पुढे केलं आणि कागदाला न लावता प्रत्येक मेंढरावरून फिरवलं. भावाचं चित्र तो आज पहिल्यांदा बघत होता. आजवर त्याने फक्त खोली बघितली होती. "खुणा बरोबर जागी हायती की रं सगळ्या. ती पाठमोरी हाय, तिला शेपटाजवळ. ही आडवी, हिला डाव्या खुब्यावर. कुठं चुकली न्हाई म्हातारी."

"ती चुकली न्हाई, दादा. माझं पांढरं गेलं."

"पांढरं मेंढरू खुणेबिगर कुणाचं असतंय?" भिमाने विचारलं. हा प्रश्न त्याला स्वतःलाच इतका बिनतोड वाटला की त्याने तो दोनदा विचारला.

योहान सर साडेअकराला आले. स्कूटर लावली, बायकोने, ग्लॅडिसबाईंनी दिलेला केकचा डबा मोनिकाच्या हातात दिला आणि हसत खोलीत शिरले.

"काय रे हनुमंत, पुठ्ठ्यासाठी एवढा..." आणि थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. हा पुठ्ठा आणि तो पुठ्ठा यातला फरक त्यांना तिथे, उभ्या उभ्या समजला. मिसळ खात घालवलेल्या वीस मिनिटांबद्दल त्यांना फार वाईट वाटलं.

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. सरांनी चित्र लावलेली फळी उचलून दारात उजेडाला नेली. त्यांना वाटलं होतं, चित्र मेलेलं असेल. मेलेलं नव्हतं. माळाच्या मातकट पिवळ्यावर ते चाळीस तांबडे ठिपके पुढेपुढे सरकत होते, आणि त्यांच्यामागून नजर आपोआप धुळीत जात होती. हे आपण शिकवलेलं नाही, हे त्यांना कबूल करावं लागलं. पण त्याच वेळी त्यांना दुसरं काहीतरी दिसलं, आणि त्यांनी फळी घाईने खाली ठेवली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "असंच नेऊ. निघूया."

"थांबा की सर," भिमा म्हणाला. तो आता चित्राच्या मालकासारखा बोलत होता. "एक ऱ्हायलंय. आई, उजव्या कोपऱ्यातली ती सोडली व्हय? तिला खूण न्हाई."

"सोडली न्हाई," बानूबाई म्हणाल्या. "ती आपली न्हाई."

"म्हंजी?"

"आपली मेंढरं चालत्यात. ही हुबी हाय. फोटू काढायला हुबी केल्यागत. खुराला धूळ बी न्हाई तिच्या." त्यांनी पदर सावरला. "दुसऱ्याची हाय कुणाची तरी. मिसळलीया. दुसऱ्याच्या मेंढराला मी कशाला खूण करू? तुझा आबा असता तर त्यानं केली नसती."

हनुमंताने सरांकडे पाहिलं नाही. सरांनी हनुमंताकडे पाहिलं नाही. घरातल्या इतरांनी मात्र दोघांकडेही पाहिलं.

पंधरा दिवसांपूर्वीचा रविवार. सर आले होते, हनुमंत चहा सांगायला घरात गेला होता आणि उजवा कोपरा तेवढा कोरा होता. तीस वर्षं मुलांच्या वह्यांत ब्रश घातलेला माणूस. कोपरा कोरा राहिला तर चित्र एका बाजूला कलतं, हे त्यांना असह्य झालं आणि त्यांनी सहा फटकाऱ्यांत एक मेंढरू तिथे उभं केलं. फार सुबक. हनुमंत परत आला, त्याने पाहिलं, "चहा घ्या सर," म्हणाला. त्यावर दोघांत एक शब्दही झाला नव्हता.

"माझं आहे ते," योहान सर म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मावशी, ते मेंढरू माझं आहे. मी काढलं."

"तरीच," बानूबाई म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही मेंढरं कवा वळली?"

"कधीच नाही."

"दिसतंय."

हर्षदाने प्रदर्शनाचा फॉर्म उघडला आणि मोठ्याने वाचला: "चित्र संपूर्णपणे चित्रकाराने स्वतःच्या हाताने काढलेले असावे. खाली सही करावी." वाचून तिने फॉर्म मिटला. भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते.

"कुणाला कळणार हाय?" अनसाबाई म्हणाली. मघापासून तिला कुणाच्या तरी बाजूने बोलायचं होतं.

"आईला कळलं," हनुमंत म्हणाला. "मला पंधरा दिस झोप न्हाई, वहिनी. सही करायची म्हणलं की त्यो कोपरा दिसतोय. सरांना बोलायचं कसं? ब्रश त्यांनी हातात दिला माझ्या."

इतक्या वर्षांत ह्या पोराने आपल्याला एकदाही नाही म्हटलेलं नाही, हे सरांना त्या क्षणी कौतुकाचं वाटलं नाही, लाजेचं वाटलं.

मग भिमाने न्याय केला. तो करायला कुणी सांगितलं नव्हतं, पण थोरला तोच होता.

"हे बगा सर. दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात आलं तर आबा ते कापत नव्हता आन् इकत बी नव्हता. मालक आला की मेंढराचा कान त्याच्या हातात द्यायचा. तुम्ही मालक, तुम्ही आलाय. तुमचं मेंढरू घिऊन जावा."

"आता ते निघणार कसं?"

"ते मला काय म्हाईत. ड्रॉईंग तुम्ही शिकवता."

योहान सर हसले. मग त्यांनी थाळीत रुंद ब्रश बुडवला, मातकट पिवळा कालवला, थोडा तांबडा घेतला, आणि ब्रश हनुमंताच्या हातात दिला. "धूळ कर," ते म्हणाले. "पांढरं राख म्हणून तुला आयुष्यभर सांगितलं. हे राखू नकोस."

हनुमंताने श्वास घेतला आणि उजव्या कोपऱ्यावरून ब्रश ओढला. सरांचं मेंढरू आधी गुडघ्यापर्यंत धुळीत गेलं, मग पाठीपर्यंत, मग कान तेवढे राहिले आणि तेही विरले. सरांनी एकदा डोळे मिटून घेतले. मेंढरू खरंच सुबक होतं.

"आता बराबर," बानूबाई म्हणाल्या.

कोपरा ओला होता आणि गाडीला पस्तीस मिनिटं होती. भिमाने पडवीतल्या खोक्याचा एक तुकडा फाडून आणला आणि चित्राला वारा घालू लागला. "बगा सर," तो म्हणाला, "शेवटी पुठ्ठाच कामाला आला." सरांनी हात जोडले. मोनिकाने केक कापला. पहिला तुकडा तिने अनसाबाईला दिला, जरा लहान, पण दिला.

फॉर्म हर्षदाने भरला. चित्रकार ह्या रकान्यात तिने लिहिलं, 'हनुमंत कोकरे', आणि त्याखाली जागा होती तिथे, 'खुणा: बानूबाई कोकरे'.

"हे चालंल का?" हनुमंताने विचारलं.

"नाही चाललं तर परत येऊ," सर म्हणाले. "पण खोटं तर नाही."

"विक्रीसाठी आहे का, होय किंवा नाही," हर्षदाने पुढचं वाचलं.

हनुमंताने तोंड उघडलं, पण उत्तर भिमाने दिलं. "न्हाई म्हणून लिव्ह. खूण केल्यालं हाय ते. आन् अनसे, त्या गोण्यांवर ताडपत्री टाक. पडवीत बऱ्या हायती त्या."

"आवं पण पुण्यात लागलं न्हाई तर?"

"म्हणून काय झालं? म्या बगितलं न्हवं?"

हनुमंत थोरल्या भावाकडे बघत राहिला. पुण्याच्या भिंतीची त्याला आतापर्यंत जेवढी काळजी होती, तेवढी आता वाटेना. दसऱ्याचा शब्द मोडला होता आणि तो मोडणाऱ्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

स्टेशनवर भिमाच त्यांना सोडून आला. मोटारसायकलवर हनुमंत मागे, फळी छातीशी धरून, आणि सर स्कूटरवर. गाडी आली, दोघं चढले, फळी आडवी घालावी की उभी यावरून दारातच त्यांचा वाद झाला आणि गाडी हलली.

भिमा परत आला तेव्हा बानूबाई अजून त्याच खोलीत होत्या. बोटाचं टोक अजून तांबडं होतं. मेंढरांमागचा पोरगा म्हणून त्यांना हनुमंताचा कधी भरवसा वाटला नव्हता. सुट्टीत बोर्डिंगातून आला की तो हट्टाने कळपाच्या पुढे चालायचा, ढग बघत थांबायचा आणि मागचा सगळा कळप कुणाच्या तरी कांद्यात शिरायचा. दोन वेळा तसं झाल्यावर त्यांनीच नवऱ्याला सांगितलं होतं, ह्याला कवा म्होरं घालू नका.

"गेली का मेंढरं?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"म्होरं कोण हाय?"

भिमा उंबऱ्यावर बसला आणि पायातली चप्पल काढत म्हणाला, "हनम्या."

फळीची जागा रिकामी होती, तिथे बानूबाई बघत होत्या.

"मग येत्याल माघारी," त्या म्हणाल्या.